उन्हाचं बिल: कारखान्याला सौर उष्णता कधी परवडते?

एप्रिलच्या दुपारी इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाउसच्या छतावर गेलो होतो. पत्र्याला हात टेकवत नव्हता. त्याच पत्र्याखाली, वीसेक फुटांवर, कापड धुवायचं पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत न्यायला बॉयलर धडधडत होता आणि फायरमन फावड्याने भट्टीत ब्रिकेट, म्हणजे शेतातला काडीकचरा दाबून केलेले जळणाचे ठोकळे, ढकलत होता. असं दृश्य पाहिल्यावर कुणालाही सुचेल तोच प्रश्न मी मालकांना विचारला. वर एवढं ऊन पडलंय, मग खाली जाळताय कशाला?

ते म्हणाले, "ऊन फुकट आहे हो, पण खाली आणायचं भाडं परवडत नाही."

कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा त्यांचं बरोबर निघालं. काही दिवसांनी चाकणजवळच्या एका पावडर कोटिंगच्या, म्हणजे लोखंडी भागांवर पावडरचा रंग चढवणाऱ्या, शेडसाठी हाच हिशेब मांडला, तर उत्तर नेमकं उलटं आलं. ऊन साधारण तेच, छतावर पाणी तापवणारं यंत्र तेच, यंत्राची किंमतही तीच. तरी एकाला परवडेना आणि दुसऱ्याने आजवर बसवलं का नाही, याचं नवल वाटावं. हा फरक कुठून येतो ते एकदा कळलं, की सौर उष्णतेचं अर्धंअधिक अर्थशास्त्र कळलं म्हणून समजा.

"सोलर" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वीज येते. पण कारखाने जी ऊर्जा खातात, तिचा जगभराचा हिशेब पाहिला तर सुमारे तीन चतुर्थांश वाटा उष्णतेचा निघतो. मोटारी, दिवे, कॉम्प्रेसर हे सगळं उरलेल्या चौथाईत. या उष्णतेपैकीही साधारण तीस टक्के १५० अंश सेल्सियसच्या खालची असते. सिमेंटच्या भट्टीला १,४५० अंश लागतात, तिथे छतावरच्या पॅनेलचं काम नाही. पण दुधाचं पाश्चरीकरण ७२ अंशांवर पंधरा सेकंदांत होतं. पावडर कोटिंगआधी लोखंडी भाग ज्या 'सेव्हन टँक' मधून जातात, त्यातल्या डीग्रीझिंग (तेलकटपणा काढणं) आणि फॉस्फेटिंगच्या (रंग धरावा म्हणून थर देणं) टाक्या पन्नास-साठ अंशांवर ठेवल्या तरी पुरतं. कापडाच्या धुलाईला साठ ते नव्वद. बॉयलरमध्ये भरायचं पाणी आधीच गरम करून दिलं, तर दर सहा अंशांमागे इंधन सुमारे एक टक्का वाचतं, हा आडाखा बॉयलरवाल्यांना तोंडपाठ असतो.

साखर कारखान्यांना मात्र या चर्चेतून सुरुवातीलाच सुट्टी देऊन टाकू. त्यांच्या घरचाच बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, इतका असतो की तो जाळून वाफ होते आणि वीजही विकता येते. त्यांना उन्हाची उष्णता विकायला जाणं म्हणजे कोकणात नारळ विकायला जाणं.

आधी आपण जाळतो ते कितीला पडतं?

उष्णता विकत घेताना आपण ती कधीच उष्णता म्हणून मोजत नाही. डिझेल लिटरवर घेतो, ब्रिकेट टनावर, एलपीजी किलोवर, वीज युनिटवर. त्यामुळे तुलना जमत नाही. वाफसुद्धा टनात: 'दोन टनांचा बॉयलर' म्हणजे त्याचं वजन दोन टन नव्हे, तर तो तासाला दोन टन वाफ देतो. म्हणून सगळं एकाच मापात आणू. विजेचं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, आणि ते ८६० किलोकॅलरी उष्णतेइतकं असतं. यापुढे 'युनिट' म्हटलं की तेवढी उष्णता.

भाव रोज हलतात, म्हणून खालचे दर धरून चाललेले आहेत. तुमचे दर घालून हिशेब पुन्हा करा, रीत तीच राहील.

डिझेल ९० रुपये लिटर धरू. एका लिटरमध्ये साधारण दहा युनिट उष्णता असते. बॉयलर पंचाऐंशी टक्के पकडतो, बाकी धुराड्यातून जाते. हाती येतात साडेआठ युनिट, म्हणजे युनिटला साडेदहा रुपयांच्या वर. एलपीजी ८५ रुपये किलो धरला, तर त्याच रीतीने युनिट पडतं सुमारे ७ रुपये ९० पैशांना. टाकीत थेट विजेचा हीटर सोडला असेल आणि वीज ९ रुपयांची असेल, तर थोडी गळती धरून सव्वानऊ रुपये. आणि ब्रिकेट? ७ रुपये किलो. किलोत चार-सव्वाचार युनिट, बॉयलर सत्तर टक्क्यांचा. युनिट पडतं २ रुपये ४० पैशांना.

त्या दोन कारखान्यांचा उलगडा इथेच झाला. इचलकरंजीचे मालक ब्रिकेट जाळत होते आणि चाकणच्या टाकीत विजेचे हीटर होते. एकच वस्तू एकाला २ रुपये ४० पैशांना पडते, दुसऱ्याला सव्वानऊला. सूर्याला स्वतःचा भाव नाही. तो ज्या इंधनाची जागा घेतो, त्या इंधनाचा भाव त्याला मिळतो.

आता उन्हाकडे वळू. घरांवर दिसतात तसलेच, उन्हावर पाणी तापवणारे सपाट काचेचे कलेक्टर घेऊ. रोज शंभर लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवायला साधारण दोन चौरस मीटर कलेक्टर लागतो, हे माप आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर नेणं म्हणजे ३,५०० किलोकॅलरी, म्हणजे चार युनिट. म्हणजेच चौरस मीटरला दिवसाला दोन युनिट. पावसाळ्याचे ढगाळ दिवस वजा करून वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर एक चौरस मीटर वर्षाला ६०० युनिट देतो.

पाइप, टाकी, पंप, सांगाडा आणि बसवण्याची मजुरी धरून चौरस मीटरला १२,००० रुपये खर्च मानू. घेताना हे सगळे पैसे एकदम द्यावे लागतात. नंतर इंधनाचं बिल शून्य. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर तुम्ही पंधरा वर्षांचं इंधन आजच विकत घेऊन छतावर ठेवता. मग खरा प्रश्न पैशाच्या भाड्याचा येतो, आणि त्या मालकांच्या तोंडून नकळत नेमका तोच शब्द निघाला होता.

दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांत फेड धरली, तर १२,००० रुपयांचा वर्षाचा हप्ता येतो सुमारे १,५८० रुपये. काच धुणं, पंपाची वीज, फुटतूट याला दोन टक्के, म्हणजे २४०. एकूण १,८२०. भागिले ६०० युनिट: युनिटला ३ रुपये.

व्याज चौदा टक्के झालं की तेच युनिट ३ रुपये ६५ पैशांना पडतं. सहा टक्क्यांनी कर्ज मिळालं तर अडीच रुपयांच्या आत येतं. डिझेलच्या बॉयलरला व्याजदराशी फारसं देणंघेणं नसतं, आंतरराष्ट्रीय तेलाच्या भावाशी असतं. सौर यंत्रणेचं उलट. म्हणून या क्षेत्रात इंजिनिअरइतकाच बँकेचा मॅनेजर महत्त्वाचा.

परतफेडीच्या भाषेत बोलायचं, तर १२,००० रुपये डिझेलवाल्याला साधारण दोन वर्षांत सुटतात. विजेच्या हीटरवाल्याला सव्वादोन, एलपीजीवाल्याला पावणेतीन. ब्रिकेटवाल्याला दहा वर्षं. इचलकरंजीत जॉब वर्कवर चालणाऱ्या कारखानदाराला दहा वर्षांची परतफेड सांगून बघा. तो तुम्हाला चहा पाजेल आणि दारापर्यंत सोडायला येईल. त्याच पैशात दुसरं स्टेंटर (कापड ताणून वाळवायचं यंत्र) घेतलं तर त्याचा माल वाढतो. शिवाय ब्रिकेटचा ट्रक महिनाभराच्या उधारीवर येतो. सूर्य उधारीवर येत नाही.

करसवलतीने हे चित्र थोडं हलतं. सौर उपकरणांवर आयकरात वर्षाला चाळीस टक्के घसारा मिळतो (२०१७ पर्यंत हा दर ऐंशी होता), साध्या यंत्रसामग्रीवर पंधरा. नफ्यात असलेल्या आणि कर भरणाऱ्या कंपनीला याचा उपयोग होतो. जी कंपनी तोट्यात आहे तिला या सवलतीचं काय लोणचं घालायचंय?

कागदावरचे ६०० युनिट आणि खरे

आतापर्यंत मी हिशेब फार गुळगुळीत केला. ६०० युनिट मिळतात ते रोज गार पाण्यापासून सुरुवात केली आणि केलेलं सगळं गरम पाणी रोज वापरलं गेलं, तर. कारखान्यात दोन्ही अटी मोडतात.

पहिली अट तापमानाची. एक मातीची घागर घ्या, जिला तळापासून गळ्यापर्यंत बारीक छिद्रं आहेत. पाणी तळाशी असतं तोवर एक-दोन छिद्रांतून गळतं. पातळी जसजशी चढते, तसतशी आणखी छिद्रं वाहायला लागतात, आणि एका पातळीला वरून ओतता तेवढंच बाहेर जातं. कलेक्टर म्हणजे ही घागर. तापमान म्हणजे पाण्याची पातळी. पंचवीस अंशांचं बोअरचं पाणी आत गेलं तर उन्हाचा मोठा वाटा पकडला जातो; पण टाकीतून पन्नास अंशांचं पाणी येऊन साठचं होऊन परत जायचं असेल, तर कलेक्टर सतत वरच्या पातळीवर राहतो आणि गळत राहतो. अशा ठिकाणी ६०० चे ४५० झाले, तर तीन रुपयांचं युनिट चार रुपयांना पडतं. म्हणून सौर उष्णतेला सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर ताजं गार पाणी पहिल्यांदा तापवण्याचं: धुलाईचं पाणी, बॉयलरमध्ये नव्याने भरायचं 'मेकअप' पाणी, दूध संघातल्या क्रेट आणि कॅन धुण्याचं पाणी. टाकी आहे तिथे गरम ठेवण्याचं काम त्यापेक्षा महाग.

दुसरी अट वेळेची. सूर्याला आठवड्याची सुट्टी नसते, कारखान्याला असते. सातातला एक दिवस वाया गेला की तीनचे साडेतीन होतात. एकाच पाळीत काम, तेही सकाळी सात ते तीन, आणि साठवणीची टाकी छोटी असेल, तर दुपारनंतरचं पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत निवतं. वर्षातले सहा महिने ऑर्डर नाही म्हणून कारखाना बंद राहिला, तर निम्मीच उष्णता कामी येते आणि युनिटचा भाव सहा रुपयांवर जातो. बॉयलर बंद ठेवला तर इंधन वाचतं. कलेक्टर रिकामा राहिला तर हप्ता वाचत नाही.

त्यामुळे शंभर टक्के उष्णता उन्हातूनच घ्यायची हा हट्ट महागात पडतो. पहिले काही कलेक्टर वर्षभर राबतात, कारण ते जेवढं देतील तेवढं कारखाना रोज पितो. पुढे पुढे लावलेले कलेक्टर फक्त जानेवारीच्या कोवळ्या उन्हात किंवा ऑर्डरच्या गर्दीत उपयोगी पडतात, आणि एप्रिल-मेमध्ये नुसते तापून उभे राहतात. तेव्हा उन्हावर तीस-चाळीस टक्के, बाकी आहे तो बॉयलर. बॉयलर काढून टाकायची स्वप्नं विकणाऱ्या सेल्समनला चहा पाजू नका. जूनच्या पहिल्या सरीत तो फोन उचलत नाही.

साठवणीचं मात्र कौतुक करायला हवं. हजार लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवलं की त्यात चाळीस युनिट उष्णता मावते. चाळीस युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीची किंमत काढा, आणि इन्सुलेशन केलेल्या हजार लिटरच्या टाकीची काढा. सौर उष्णतेला सौर विजेपेक्षा निर्विवाद स्वस्त पडणारी ही एक गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि तीच मला सगळ्यात रंजक वाटते. ब्रिकेटचं युनिट २ रुपये ४० पैशांना पडतं ते बॉयलरच्या तोंडाशी. वाफ तिथून दीडशे फूट उघड्या पाइपमधून जाते, गळक्या स्टीम ट्रॅपमधून (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारी झडप) फुसफुसते, कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं गरम पाणी, गटारात जातं. धुलाईच्या टाकीपर्यंत पोचेपर्यंत सत्तर टक्क्यांचे पन्नास झाले, तर तेच युनिट ३ रुपये ३० पैशांना पडतं, आणि तीन रुपयांचं ऊन अचानक स्वस्त वाटू लागतं! सौर कंपन्यांच्या सादरीकरणात हा मुद्दा हमखास असतो. पण इथे एक फसगत आहे. सूर्याने निम्मी उष्णता दिली, तरी वाफेची लाइन चालूच राहते, आणि गळका ट्रॅप आधी गळायचा तेवढाच गळतो. तो तोटा उन्हाने वाचत नाही. तो पान्ह्याने आणि ग्लासवूलने वाचतो. पाइपला इन्सुलेशन, ट्रॅपची दुरुस्ती, कंडेन्सेट परत आणणं, गरम सांडपाण्यातून उष्णता परत घेणं, याची परतफेड बहुतेक ठिकाणी महिन्यांत मोजतात. ते न करता कलेक्टर बसवणं म्हणजे भोक असलेल्या खिशात पगार ठेवणं.

आणि मुळात साठ अंशांचं पाणी करायला १७० अंशांची वाफ कशाला? तर कारखाना उभारताना कोणीतरी एक बॉयलर आणि सगळीकडे वाफ असा नकाशा काढला, म्हणून. त्या नकाशात उन्हाला जागा करायची तर दोनच वाटा: सूर्याकडूनही वाफच करून घ्यायची, किंवा टाकीजवळ वेगळी गरम पाण्याची लाइन टाकायची. दुसरी वाट स्वस्त, पण त्यासाठी चालू कारखान्यात पाइप कापावे लागतात, आणि प्रॉडक्शन मॅनेजरला पाइप कापायला सांगून बघा एकदा.

पहिली वाट महाराष्ट्राला नवी नाही. १८७० च्या दशकात मुंबईत नोकरीला असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून उन्हावर वाफ काढली आणि तिच्यावर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. पुढे २००६ च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या साथीने तयार झालेली 'अरुण' ही सुमारे १६० चौरस मीटरची अवाढव्य डिश लातूरच्या महानंद डेअरीत दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उभी राहिली. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये शेफलर पद्धतीच्या, म्हणजे आरशांनी ऊन एका जागी गोळा करणाऱ्या, ७३ डिश बसल्या. त्यांची वाफ स्वयंपाकघरात जाते आणि एलपीजी वाचतो. शिर्डीचं उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकात घालावं असं आहे. स्वयंपाक दिवसा, सुट्टी एकही नाही, ऑर्डर कधी आटत नाही आणि जागा घेतली जाते ती महागड्या गॅसची. वरच्या सगळ्या अटी एका छताखाली. असा कारखाना मला दाखवा, मी डोळे मिटून सही करतो.

मात्र आरशांना एक खोड असते. सपाट कलेक्टर ढगांतून झिरपलेला उजेडही थोडाफार पकडतो. आरशाला सरळ आलेलीच किरणं चालतात, कारण विखुरलेला उजेड एका बिंदूवर गोळा होत नाही. ढग आला की डिश शून्य. शिवाय सूर्यामागे फिरणारी यंत्रणा, गिअर, धुळीने आंधळे होणारे आरसे, आणि ते पुसायला माणूस. यंत्राची किंमत जास्त, देखभाल जास्त. डिझेल किंवा एलपीजी जाळणाऱ्यालाच हे झेपतं.

प्रतिस्पर्धी शेजारच्याच छतावर

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सौर उष्णतेला सगळ्यात मोठा धक्का कोळशाने दिला नाही, तिच्याच भावाने दिला. वीज देणारे पॅनेल इतके स्वस्त झाले की सगळी गणितं पुन्हा मांडावी लागली.

छताची जागा ठरावीक असते, तेव्हा चौरस मीटरमागे विचारू. विजेचं पॅनेल आपल्याकडे किलोवॉटला वर्षाला साधारण १,४५० युनिट देतं, आणि किलोवॉटला सुमारे पाच चौरस मीटर पॅनेल लागतात. म्हणजे चौरस मीटरला २९० युनिट वीज. ती ९ रुपयांची वीज वाचवत असेल, तर वर्षाला २,६०० रुपये. त्याच चौरस मीटरवर उष्णतेचा कलेक्टर लावला आणि तो एलपीजीची जागा घेत असेल, तर ४,७०० रुपये. विजेच्या हीटरची घेत असेल तर साडेपाच हजारांच्या वर. पण ब्रिकेटची घेत असेल तर १,४४० रुपये, आणि वर पॅनेल स्वस्त. इचलकरंजीच्या मालकांना मी अखेर हेच सांगितलं: छतावर विजेचे पॅनेल घाला, बॉयलरला हात लावू नका, फक्त कंडेन्सेट परत आणा.

चाकणच्या शेडसाठी मात्र तिसराच गडी मैदानात उतरला: हीट पंप. एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीत घालतो. एक युनिट वीज देऊन तीन युनिट उष्णता मिळते असं धरलं, तर ९ रुपयांच्या विजेवर उष्णतेचं युनिट ३ रुपयांना. म्हणजे कलेक्टरच्या बरोबरीला! पंपाची स्वतःची किंमत वेगळी, पण तो रात्री चालतो, जुलैत चालतो, आणि छत मोकळं ठेवतो. दोन पाळ्या चालणाऱ्या शेडला मी आज हीट पंप आणि छतावर विजेचे पॅनेल हेच सुचवेन. एकाच दिवसपाळीत भरपूर गार पाणी तापवणाऱ्याला अजूनही कलेक्टरच. तापमान ऐंशी-नव्वदच्या पुढे जायला लागलं की साध्या हीट पंपाचीही दमछाक होते, तीनाचे दोन होतात, आणि तराजू पुन्हा कलेक्टरकडे झुकू लागतो.

सौर विजेच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बँकेला फार आवडते. कारखाना बंद पडला तर पॅनेलची वीज तारेवरून बाहेर जाते, कुणीतरी ती घेतं. गरम पाणी तारेवरून जात नाही. कलेक्टर त्या छताला, त्या टाकीला आणि त्या मालकाच्या नशिबाला बांधलेले. म्हणून कर्ज देणारा जास्त व्याज मागतो, आणि व्याजाने या धंद्याचं काय होतं ते वर पाहिलंच.

तरीही मोठ्या प्रमाणावर हे जमलेली ठिकाणं आहेत. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या गॅब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत २०१३ पासून सुमारे ३९,००० चौरस मीटर सपाट कलेक्टर उभे आहेत. तांबं शुद्ध करायचं द्रावण पन्नासेक अंशांवर ठेवायला लागतं. पूर्वी त्यासाठी टँकरने वाळवंटात डिझेल न्यावं लागे. त्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त वाचवायचं म्हणून हा प्रकल्प झाला. ऊन जगातलं सगळ्यात कडक, तापमान कमी, काम चोवीस तास, इंधन महाग. खाणीने यंत्रणा विकत घेतली नाही; दुसऱ्या कंपनीने ती उभारली आणि खाण तिच्याकडून उष्णता विकत घेते.

उलट बाजूला ओमानची गोष्ट. तिथे ग्लासपॉइंट नावाच्या कंपनीने काचघरात आरसे ठेवून, म्हणजे वाळूपासून जपून, तेलविहिरींत सोडायची वाफ तयार केली. यंत्रणेने वाफ दिली. पण २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि कंपनी अवसायनात निघाली. नंतर तिला पुन्हा उभं राहावं लागलं. जिचं गिऱ्हाईकच तेलाचा धंदा आहे, तिला तेलाची मंदी चुकत नाही.

चिलीसारखा करार, म्हणजे यंत्र त्यांचं, छत आपलं, आणि आपण फक्त मिळालेल्या उष्णतेचे पैसे द्यायचे, आपल्याकडेही काही कंपन्या देऊ करतात. हाती भांडवल नसलेल्याला तो बरा. सही करण्याआधी मात्र दोन गोष्टी नीट वाचाव्यात. 'किमान खरेदी'ची अट किती आहे: ऑर्डर आटली तर न वापरलेल्या उष्णतेचे पैसे तुमच्या बोकांडी बसणार का? आणि मोजणी कुठे होते? मीटर कलेक्टरच्या बाजूला असेल, तर टाकीत आणि पाइपमध्ये निवलेल्या उष्णतेचं बिलही तुम्हीच भरता. हीट मीटर म्हणजे काही अगम्य यंत्र नव्हे, जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याची दोन तापमानं आणि मधला प्रवाह मोजणारी डबी. ती तुमच्या टाकीच्या तोंडाशी बसवून घ्या.

आणि कोटेशन मागवण्याआधी बॉयलरचं लॉगबुक काढून वर्षभराचं इंधन महिन्यांप्रमाणे मांडून ठेवा. विक्रेता आला की सगळ्यात आधी विचारेल ते छताचं क्षेत्रफळ. त्याला आधी वही दाखवा.